दोन मेंदूंचा बोर्ड आणि मामाचा प्रेस

२०२५च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी मामाचा मेसेज आला. एक व्हिडिओ, आणि खाली फक्त एवढंच: "ह्यात दोन्ही आहे म्हणे. घेऊन टाकायचं का?"

व्हिडिओ अर्डुइनो ऊनो क्यू ह्या नव्या बोर्डाचा होता. (मामाला तो कुठे सापडला हे विचारू नका. साठीनंतर माणसाला यूट्यूब काय दाखवेल ह्याला काही नियम नाही.) ७ ऑक्टोबरला क्वालकॉमने आपण अर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी हा बोर्ड दाखवला. पत्त्याच्या पानापेक्षा लहान. त्यावर क्वालकॉमची चार कोअरची चिप, तिच्यावर डेबियन लिनक्स चालतं. आणि तिच्या शेजारी एसटीचा एक मायक्रोकंट्रोलर. एक विचार करणारा, दुसरा हातपाय हलवणारा. एकाच पाटीवर दोन मेंदू.

आता मामाला हे कशाला हवं ते सांगतो.

मामाचा गाळा साकीनाक्याला. मी मुलुंडला राहतो, म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल आणि तिथून मेट्रो. गाळ्यात दोन पॉवर प्रेस, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि विठ्ठलाचा फोटो. इलेक्ट्रिकच्या पॅनेलवाल्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आणि वॉशर पंच करून द्यायचे हा धंदा. गेलं वर्षभर त्याच्या माझ्याकडे दोन मागण्या होत्या. एक, दिवसभरात किती ठोके पडले ते घरी बसून मोबाइलवर दिसलं पाहिजे. दोन, डायमध्ये हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबला पाहिजे.

दुसरी मागणी कुठून आली हे गाळ्यात गेलं की कळतं. तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर काका चहाचा ग्लास उजव्या हातात धरतात तेव्हा तर्जनीचं वरचं पेर दिसत नाही. ते मामाच्या गाळ्यात गेलेलं नाही, मामाकडे यायच्या आधी, तीसएक वर्षांपूर्वी भांडुपच्या एका कारखान्यात गेलं. काका त्याबद्दल बोलत नाहीत. मामाही बोलत नाही. पण सेकंडहँड प्रेस घ्यायची वेळ आली तेव्हा मामाने मुद्दाम हवेच्या क्लचचा घेतला. जुना प्रेस जुन्या पद्धतीच्या क्लचचा आहे, एकदा पायडल दाबलं की फेरी पूर्ण करूनच थांबणार, मध्ये साक्षात देव आला तरी थांबत नाही. हवेच्या क्लचवाल्याला मध्येच थांबवता येतं. अट एकच, त्याला कुणीतरी वेळेवर 'थांब' म्हणायला हवं.

आणि आमच्या घरात मी 'कॉम्प्युटरवाला'. म्हणजे मावशीच्या प्रिंटरपासून मामाच्या प्रेसपर्यंत सगळं माझ्या अखत्यारीत येतं.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. ड्रॉवरमध्ये एक रास्पबेरी पाय पडलेला होता. त्यालाच ठोके मोजायला लावू, त्यालाच वेबपेज दाखवायला लावू आणि त्यालाच सेन्सर वाचून प्रेस थांबवायला लावू. एक बोर्ड, एक पायथन स्क्रिप्ट, रविवारचं काम. नोकरीत मी जे काही करतो त्यात हे अगदी शोभून दिसलं असतं. आमच्याकडे सर्व्हरचं उत्तर सरासरी अमुक मिलिसेकंदांत आलं की आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटतो.

पण एका शनिवारी रात्री, निव्वळ खाज म्हणून, मी मोजून पाहिलं. पायच्या एका पिनवर सिग्नल दिला, स्क्रिप्टने तो पाहून दुसरी पिन बदलायची, आणि दोन्हींच्या मधला वेळ स्वस्तातल्या लॉजिक अ‍ॅनलायझरने टिपायचा. सोबत पायला नेहमीची कामं दिली: वेबपेज, वाय-फाय, एसडी कार्डावर लॉग लिहिणं. सकाळी उठून पाहिलं. बहुतेक सगळी उत्तरं एका मिलिसेकंदाच्या आत. मस्त! आणि मग एक आकडा दिसला, ८३ मिलिसेकंद. अख्ख्या रात्रीत एकदाच.

यंत्रांच्या सुरक्षेची मानकं माणसाच्या हाताचा वेग साधारण सेकंदाला १.६ मीटर धरतात. ८३ मिलिसेकंदांत हात १३ सेंटीमीटर पुढे जातो. बोटं डायच्या आत पोहोचायला तेवढे पुरतात.

सरासरी उत्तम होती. पण काकांचं बोट सरासरीने गेलं नव्हतं.

तर मंडळी, वेगवान असणं आणि वेळेवर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फास्ट लोकल वेगवान असते, वेळेवर असेलच असं नाही. हे तुम्हाआम्हाला रोज सकाळी प्लॅटफॉर्मवर कळतं, फक्त कॉम्प्युटरसमोर बसलो की विसरायला होतं. शरीराला मात्र हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, 'आई गं' नंतर. कारण हात मागे घ्यायचा निर्णय मेंदू घेतच नाही, तो पाठीच्या कण्यातल्या पातळीवरच होतो. मेंदूला नुसती बातमी पोहोचते. मेंदू तेव्हा ईएमआयचा विचार करत असला तरी हात वाचतो.

यंत्रांना हा कणा कसा मिळाला, ह्याचा इतिहास मी मामाच्या निमित्ताने महिनाभर उकरत बसलो. आणि त्यातला बराचसा भाग आपल्याच उपनगरांत सापडला.

सुरुवात तुर्भ्याला. (नवी मुंबईतलं नव्हे, इंग्रजांनी ज्याचं ट्रॉम्बे केलं ते.) भारतात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणजे टीआयएफआरचा टिफरॅक, १९६० साली चालू झालेला. पण तो गणितं सोडवणारा. शास्त्रज्ञाने गणित आणून द्यायचं आणि उत्तराची वाट पाहायची. तास उशीर झाला तर शास्त्रज्ञ वैतागेल, बाकी काही नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांची गरज वेगळी होती. त्यांना घडत असलेल्या घटनेला जोडलेलं यंत्र हवं होतं, आणि घटना कुणासाठी थांबत नाही. तिथे तयार झालेला टीडीसी-१२, म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, १२ बिटांचा, विक्रम साराभाईंच्या हस्ते जानेवारी १९६९मध्ये समोर आला. ह्याला 'रिअल-टाइम' संगणक म्हणत. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने ही मालिका चालवली, टीडीसी-३१२, टीडीसी-३१६ वगैरे.

त्या काळी अशा कामाला आख्खं कपाट लागायचं. १९८० साली इंटेलने ८०५१ काढला आणि ते कपाट बोटभर चिपमध्ये आलं. आपल्यापैकी ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स केलंय त्यांना ८०५१चं नाव ऐकूनच व्हायव्हाचा घाम आठवेल. १२८ बाइट रॅम! हो, बाइट. हा ब्लॉगचा नुसता पहिला परिच्छेदही त्यात मावणार नाही. पण त्याची एक गोष्ट आजच्या कुठल्याही लॅपटॉपला जमत नाही. १२ मेगाहर्ट्झवर चालवला तर त्याची साधी आज्ञा बरोबर एका मायक्रोसेकंदात होते, दुसरी बरोबर दोनात. प्रोग्रॅम कागदावर लिहून, पेन्सिलीने बेरीज करून, चालवायच्या आधीच सांगता येतं की उत्तर नेमकं कधी येईल. कॉलेजात आम्हाला ही बेरीज दहा मार्कांना यायची आणि मला ती अत्यंत निरर्थक वाटायची. असो.

दोन मेंदूंची ही वाटणी सगळ्यात भव्य रूपात मी पाहिली ती खोडदला. कॉलेजात असताना एका २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, आम्ही चौघं बाइकवरून माळशेज ओलांडून नारायणगावजवळच्या जीएमआरटीला गेलो होतो. गोविंद स्वरूपांनी उभी केलेली ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पार पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. आम्ही डिशबरोबर फोटो काढण्यात दंग होतो. तेवढ्यात तिथल्या एकांनी डिशच्या पायथ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की प्रत्येक डिशला स्वतःचा एक छोटा संगणक आहे, अँटेना बेस कॉम्प्युटर. कुठल्या ताऱ्याकडे बघायचं ते मधल्या इमारतीतला मोठा संगणक ठरवतो आणि ऑप्टिकल फायबरवरून हुकूम पाठवतो. तो हुकूम पायथ्याशी असलेला संगणक घेतो आणि मोटारी वगैरे ज्या त्या यंत्रणेला देतो.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं. वरचा मेंदू अनेक वेळा बदलला. आकाशातून येणारे सिग्नल एकत्र करायचं काम लिनक्सच्या क्लस्टरवर आलं, मग एफपीजीए आणि जीपीयूवर. पण 'विचार मध्ये, हात जागेवर' ही वाटणी तशीच राहिली. ऊनो क्यूवर ज्या दोन चिप एकमेकींना चिकटून बसल्यात, त्यांच्यामध्ये इथे जुन्नर तालुक्यातली शेतं आहेत, एवढाच फरक.

मग एकच मेंदू दोन्ही कामं का करू शकत नाही? करू शकतो. लोकांनी करून पाहिलंय, आणि त्याची सगळ्यात प्रसिद्ध फजिती मंगळावर झाली.

४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. सुंदर फोटो यायला लागले आणि काही दिवसांतच यानाचा संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला. एकच प्रोसेसर, त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, आणि महत्त्वाप्रमाणे रांगेत लावलेली कामं. सगळ्यात महत्त्वाचं काम डेटा बस सांभाळणारं. सगळ्यात बिनमहत्त्वाचं हवामानाची मापं घेणारं. दोघांमध्ये एक किल्ली सामायिक. झालं असं की, हवामानवाल्याने किल्ली घेतली आणि तेवढ्यात मधल्या दर्जाच्या एका लांबलचक कामाने त्याला बाजूला सारलं. आता मोठे साहेब किल्लीसाठी ताटकळत, किल्ली शिपायाच्या खिशात, आणि शिपायाला मधला हेडक्लार्क खुर्चीवरून उठू देत नाही. (सरकारी ऑफिसात काम असलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.) ठरल्या वेळात बसचं काम झालं नाही हे पाहून पहारेकरी घड्याळाने सगळंच बंद करून पुन्हा चालू केलं. ह्यावरचा उपाय लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की ह्यांनी १९९०च्या एका पेपरात मांडलेला होता: किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला तेवढ्यापुरता साहेबांचा दर्जा द्यायचा. व्हीएक्सवर्क्समध्ये तो पर्याय होताच, फक्त बंद ठेवला होता. पृथ्वीवरून तो चालू केला आणि प्रश्न मिटला.

म्हणजे एका मेंदूत दोन्ही कामं बसवता येतात, पण तिथे पोहोचायला माणसं नासाची लागतात आणि तरीही चूक होते.

लिनक्सची गोष्ट आणखी अवघड. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये ते सुरू केलं ते डेस्कवरच्या पीसीसाठी. त्याचा मूळ स्वभाव 'सगळ्यांना थोडं थोडं' असा, पंगतीत वाढणाऱ्यासारखा. पंगतीला एकूण लवकर वाढून होतं, पण तुमच्या पानात भात नेमका कधी पडेल ह्याची हमी नाही. नव्वदच्या दशकात व्हिक्टर योडायकेन आणि मायकल बाराबानोव्ह ह्यांनी न्यू मेक्सिकोत एक भन्नाट युक्ती केली. त्यांनी एक छोटासा रिअल-टाइम गाभा लिहिला आणि आख्खं लिनक्स त्याच्या खाली, सगळ्यात कमी दर्जाचं काम म्हणून चालवलं. बाकी कुणाला काही नको असेल तेव्हा लिनक्सची पाळी. हे आरटीलिनक्स. चिप एकच, पण आतून दोन मेंदू केलेच की!

आता पवई. मला जे काही येतं त्यातलं बरंचसं पवईहून आलेलं आहे, आयआयटीत न शिकताही.

आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात कृती रामामृतम् हे प्राध्यापक होते. त्याआधी अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन स्टँकोविचबरोबर त्यांनी १९८०च्या दशकात स्प्रिंग कर्नल नावाची रिअल-टाइम सिस्टिम घडवली. तिची रचना वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. प्रत्येक यंत्रात एकाहून जास्त प्रोसेसर. काही प्रत्यक्ष काम करणारे, एक फक्त वेळापत्रक ठरवणारा, आणि बाहेरच्या उपकरणांशी बोलायची व्यवस्था वेगळी. वेळापत्रक आखण्याच्या कामाने, किंवा बाहेरून येणाऱ्या सततच्या टकटकीने, चालू काम ढळू नये म्हणून. २०२५च्या जाहिरातीत जे 'दोन मेंदू' म्हणून विकलं जातंय त्यामागचा विचार इथे स्वच्छ मांडलेला आहे, चाळीसएक वर्षांपूर्वी.

पवईत रामामृतम् आणि प्रा. कवी आर्य ह्यांनी एम्बेडेड आणि रिअल-टाइम सिस्टिम्सच्या लॅबमधून पुढे जे केलं ते मला पेपरांपेक्षा मोठं वाटतं. ई-यंत्र. केंद्र सरकारच्या पैशातून देशभरातल्या साध्या इंजिनिअरिंग कॉलेजांना रोबोटिक्सची लॅब उभी करायला मदत, आधी शिक्षकांना शिकवायचं, मग मुलांना. २०१२पासून स्पर्धा. आमच्या उपनगरातल्या कॉलेजात, जिथे ऑसिलोस्कोपचा एक चॅनल कायम बंद असायचा, तिथे एका टेबलावर फायर बर्ड फाइव्ह नावाचा रोबोट येऊन बसला तो ह्यामुळेच.

फायर बर्डचं पोट उघडलं की पुन्हा दोन मेंदू! मोठी चिप एटीमेगा२५६०, छोटी एटीमेगा८. मॅन्युअलमध्ये त्यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हटलंय. ह्यात फार तत्त्वज्ञान नाही. मोठ्या चिपला सेन्सर जोडायच्या सोळा वाहिन्या होत्या, त्या पुरत नव्हत्या, म्हणून उरलेले सेन्सर छोटी वाचायची आणि मागितले की आकडे द्यायची. पण आम्हाला त्यातून कळायचं ते कळलं. एक वाचतोय, दुसरा ठरवतोय, आणि दोघांच्या बोलण्यालाही वेळ लागतो.

त्यावरचा क्रिस्टल १४.७४५६ मेगाहर्ट्झचा होता. असला विचित्र आकडा का, सरळ १६ का नाही, ह्यावर मी एक आख्खी दुपार घालवली होती. उत्तर असं की १४.७४५६ला सिरियल पोर्टच्या नेहमीच्या वेगांनी भागलं की बाकी शून्य उरते. ९६०० बॉडला भागाकार बरोबर ९६. १६ मेगाहर्ट्झला तो १०४.१६ येतो आणि घड्याळ किंचित चुकतं. कुणीतरी बसून एवढा विचार केला होता ह्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं. अजूनही वाटतं.

आणि तिथेच पहिली थप्पड खाल्ली. काळ्या रेषेवरून चालायचं होतं. सरळ रेषेवर आमचा रोबोट राजासारखा, वळणावर हमखास बाहेर. तीन दिवस मोटारींना शिव्या दिल्या. शेवटी कळलं की प्रत्येक फेरीत मी सेन्सरचे आकडे एलसीडीवर छापत होतो, शोभेसाठी. एलसीडी संथ. तो एकेक अक्षर उमटवेपर्यंत रोबोट आंधळा, आणि वळण नेमकं तेव्हाच यायचं. छपाईच्या दोन ओळी काढल्या आणि रोबोट वळला. आमची टीम पुढच्या फेरीत गेली नाही ती वेगळ्या कारणाने. (बॅटरी चार्ज करायची जबाबदारी ज्याची होती तो हे वाचतोय.)

ते वळण आणि पायवरचे ८३ मिलिसेकंद ह्यांत तसा काहीच फरक नाही. मला नोकरीतल्या सहा वर्षांत विसर पडला होता, एवढंच.

जगाने पुढे बोर्डांवर जे केलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात तोच तो खेळ आहे. २०११मध्ये बीगलबोन आला. त्याच्या चिपमध्ये लिनक्सच्या कोअरशेजारी दोन चिमुकले कोअर, २०० मेगाहर्ट्झचे, पाच नॅनोसेकंदाला एक आज्ञा, लिनक्स काहीही करत असलं तरी त्यांना देणंघेणं नाही. माझ्या मते ह्या सगळ्यातला हा सर्वात हुशार बोर्ड, आणि म्हणूनच वापरायला सर्वात छळणारा. २०१३मध्ये अर्डुइनो यून, लिनक्सची एक चिप आणि साधी १६ मेगाहर्ट्झची एटीमेगा, दोघींमध्ये सिरियलची तार आणि त्या तारेवर 'ब्रिज' नावाची लायब्ररी. गंमत म्हणजे लिनक्स चालू होताना आपली सगळी बडबड त्याच तारेवर ओतायचं, आणि बिचाऱ्या एटीमेगाला ती आज्ञाच वाटायची. २०१४मध्ये इंटेलचा एडिसन, त्यातही अ‍ॅटमच्या सोबतीला एक छोटा क्वार्क. २०१७मध्ये इंटेलने ते दुकान बंद केलं. मेंदू दोन आणणं सोपं, त्यांना बोलतं करणं कठीण. ऊनो क्यूवर मोठी चिप २ गिगाहर्ट्झची, छोटी १६० मेगाहर्ट्झची, आणि दोघींच्या मधल्या पुलाचं नाव पुन्हा 'ब्रिज'च आहे.

आता कुणीतरी म्हणणार, "अरे पण लिनक्स आता रिअल-टाइम झालं ना?" झालं. वीस वर्षं मुख्य लिनक्सच्या बाहेर वाढलेलं प्रीएम्प्ट-आरटीचं काम सप्टेंबर २०२४मध्ये आत घेतलं गेलं. थॉमस ग्लाइक्सनरने व्हिएन्नातल्या परिषदेत लिनसला ती विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून हातात दिली. नोव्हेंबरमध्ये ६.१२ आवृत्तीत ते सगळ्यांपर्यंत पोहोचलं. मी पायवर घालून पाहिलं, आणि ८३ मिलिसेकंदांचा तो राक्षस गेला, मान्य. पण एसडी कार्ड मेलं तर? पायची पॉवर सप्लाय साकीनाक्याच्या व्होल्टेजवर डुलकी काढायला लागली तर? तेव्हा लिनक्स उशिरा उत्तर देत नाही, देतच नाही.

तर व्हिडिओ आल्यानंतरच्या रविवारी मी गाळ्यात गेलो. लॅपटॉपवर ८३चा आलेख उघडला, पट्टी घेतली आणि डायच्या तोंडापासून १३ सेंटीमीटर मोजून खडूने रेघ मारली. मामा बघत होता. म्हणाला, "म्हणजे तुझा तो पाय नको, हा दोन मेंदूवाला घ्यायचा. त्यातला छोटा थांबवेल."

इथे माझी खरी अडचण झाली. कारण छोटा थांबवेल. मायक्रोसेकंदांत थांबवेल. पण छोट्यावरचा प्रोग्रॅम लिहिणार मी. एलसीडीवाला मी.

"मामा, बोटासाठी हाही नको."

"मग?"

मग मी त्याला जे सांगितलं ते मला पवईच्या लॅबने नाही, यंत्रांच्या सुरक्षेवरच्या कंटाळवाण्या पुस्तिकांनी शिकवलं होतं. हात थांबवायची वाट कुणाच्याही प्रोग्रॅममधून, निदान माझ्या प्रोग्रॅममधून, जाऊ द्यायची नाही. बाजारात लाइट कर्टन मिळतो, दोन खांब आणि मध्ये किरणांचा न दिसणारा पडदा, स्वतःची तपासणी स्वतः करणारा. त्याची तार थेट सेफ्टी रिलेला. रिलेच्या आत दोन संपर्क एकामागे एक, एक चिकटून बसला तरी दुसरा तोडतो, आणि मग दुरुस्ती होईपर्यंत प्रेस चालूच होऊ देत नाही. तिथून थेट क्लचच्या हवेच्या व्हॉल्व्हला. पडदा डायपासून किती लांब लावायचा तेही प्रेस थांबायला लागणारा वेळ मोजून, हाताच्या त्या १.६ मीटरच्या हिशोबाने काढायचं. बसवणारा माणूसही त्यातला जाणकारच हवा, भाचा नव्हे.

मामाने किंमत ऐकली आणि चहाचा ग्लास खाली ठेवला. त्या व्हिडिओतला बोर्ड ४४ डॉलरचा होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका, जे तोवर ग्राइंडरपाशी उभे होते, खडूच्या रेघेपाशी आले. त्यांनी हात रेघेवर ठेवला आणि सावकाश डायपर्यंत नेला.

"एवढं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, काका."

त्यांनी मामाकडे पाहिलं. मामाने पुन्हा किंमत विचारली, पण ह्या वेळी हप्ते पडतील का असं.

जानेवारीत पडदा बसला. ठोके मोजायला मी खरोखरच दोन मेंदू लावले. प्रेसच्या शाफ्टजवळ एक छोटा मायक्रोकंट्रोलर, जो ठोका चुकवत नाही, आणि भिंतीवर ड्रॉवरमधला तो पाय, जो दर मिनिटाला त्याला आकडा विचारतो आणि मामाच्या मोबाइलवर दाखवतो. पाय आत्तापर्यंत दोनदा बंद पडला. एकही ठोका हुकला नाही, मोजणारा मोजतच होता. प्रेसला तर पत्ताही लागला नाही.

"पण म्हणजे मोठ्या कामात तुझं काहीच नाही," मामा मध्ये एकदा म्हणाला. मी म्हटलं, नाही. तो हसला.

पडद्याबरोबर एक काळी दांडी आली होती, तपासणीसाठी. काका रोज सकाळी गाळा उघडतात, विठ्ठलाला अगरबत्ती लावतात, रिकामा प्रेस चालू करतात आणि ती दांडी पडद्यात घालतात. प्रेस थांबतो. मग ती खिळ्याला अडकवून ते पहिला पत्रा उचलतात.